बाईक मेकॅनिक व्हायचंय? पिंपरी-चिंचवड ते चाकण: शिकायचं कुठे, हातात किती येतात आणि स्कॅनर कोणाकडे?

दहावी-बारावी झाली, गाड्यांचं वेड आहे, यूट्यूबवर इंजिन खोलण्याचे व्हिडिओ पाठ झालेत. आणि घरचे म्हणतात, "गॅरेजमध्ये हात काळे करण्यापेक्षा चाकणला कंपनीत लाग." मराठवाड्यातून, सोलापूरकडून किंवा खेड-जुन्नरमधून पिंपरी-चिंचवडला येणाऱ्या बऱ्याच मुलांचं हेच होतं. पल्सर, केटीएम आणि ट्रायम्फची स्पीड ४०० जिथे बनते त्या चाकणला आपण जातो, म्हणजे आपोआप बाईकमधले एक्स्पर्ट होऊ असं वाटतं.

तर आधी हा गैरसमज दूर करूया. बाईक बनवणं आणि बाईक दुरुस्त करणं ही दोन वेगळी कामं आहेत. असेंब्ली लाईनवर तुम्हाला एक स्टेशन मिळतं. गाडी समोर येते, ठरलेले तीन-चार बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळायचे, गाडी पुढे जाते, दुसरी येते. त्यात शिस्त, वेग आणि क्वालिटीची सवय नक्की लागते. पण बंद पडलेली गाडी का बंद पडली, हे शोधायची वेळ तिथे तुमच्यावर येत नाही. दोन वर्षं लाईनवर काढलेला मुलगा गॅरेजमध्ये आला तर त्याची सुरुवात हेल्परपासूनच होते.

शिवाय कंपनी म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यासमोर कायम कामगार असतो. २०१३ मध्ये बजाजच्या चाकण प्लांटमध्ये जवळपास ५० दिवस काम बंद आंदोलन झालं होतं, तेव्हा युनियनची एक मागणी कंपनीचे शेअर्स सवलतीत मिळावेत अशी होती. ती मागणी करू शकणारा कामगार वेगळा आणि आज ठेकेदारामार्फत किंवा ट्रेनी म्हणून गेटमधून आत जाणारा पोरगा वेगळा. कंपनीचं काम वाईट आहे असं नाही. पण "मेकॅनिक व्हायचंय म्हणून कंपनीत जातो" हे गणित जुळत नाही, एवढंच.

२०२० नंतर गाडी बदलली, मेकॅनिक किती बदलला?

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झालं. त्याआधी आपल्याकडच्या बहुतेक कम्युटर बाईकमध्ये कार्बोरेटर होता. गाडी झटके खातेय, आयडलिंगला बंद पडतेय? मिस्त्री कार्बोरेटर काढायचा, पेट्रोलने धुवायचा, जेट साफ करायचा, एअर स्क्रू फिरवून कानाने सेटिंग करायचा. खरोखर कानाने. हे कसब शिकायला तीन-चार वर्षं जायची, पण त्यासाठी फक्त एक उस्ताद आणि एक स्क्रूड्रायव्हर पुरायचा.

बीएस-६ नंतर बहुतेक गाड्यांमध्ये फ्युएल इंजेक्शन आलं. आता पेट्रोल किती सोडायचं हे ईसीयू नावाचा छोटा कॉम्प्युटर ठरवतो. थ्रॉटल किती उघडलाय, इंजिन किती तापलंय, सायलेन्सरमधून जाणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती आहे, ही माहिती त्याला सेन्सर देतात. एप्रिल २०२३ मध्ये नियमांचा पुढचा टप्पा आला आणि १ एप्रिल २०२५ पासून दुचाकींना ओबीडी-२बी लागू झालं. म्हणजे गाडीने स्वतःवरच लक्ष ठेवायचं. मिसफायर होतंय का, सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करतोय का, हे तिने तपासायचं आणि काही बिघडलं तर मीटरवर इंजिनचा पिवळा लाईट लावून एक फॉल्ट कोड साठवून ठेवायचा.

इथे नव्या मुलांची एक फसगत होते. स्कॅनर लावला, कोड आला, कोडने सांगितलं "थ्रॉटल पोझिशन सेन्सर, व्होल्टेज कमी". लगेच नवीन सेन्सर मागवला, बसवला, तरी लाईट जात नाही. कारण कोड फक्त एवढंच सांगतो की त्या सर्किटमधून येणारा सिग्नल बरोबर नाही. बिघाड सेन्सरमध्ये असेल, वॉशिंगचं पाणी शिरून हिरव्या पडलेल्या कनेक्टरमध्ये असेल, किंवा पार्किंगमध्ये उंदराने कुरतडलेल्या वायरमध्ये असेल. मग करायचं काय? मल्टिमीटर घ्यायचा. सेन्सरला साधारण ५ व्होल्टचा पुरवठा येतोय का बघायचा, अर्थिंग बघायची, मग थ्रॉटल हळूहळू पिळत सिग्नलचा व्होल्टेज एकसारखा चढतोय का ते बघायचं. बंद थ्रॉटलला अर्ध्या व्होल्टच्या आसपास, पूर्ण उघडल्यावर चार-साडेचार. मध्येच आकडा उडाला तर सेन्सर गेला. पुरवठाच नसेल तर सेन्सरला हात लावायचं कारण नाही.

पाचशे-हजार रुपयांचा मल्टिमीटर आणि तो वापरायची समज, माझ्या मते आजच्या घडीला नव्या मेकॅनिकसाठी हीच सगळ्यात जास्त परतावा देणारी गुंतवणूक आहे. वीस हजारांच्या स्कॅनरच्या आधी हा घ्या.

स्कॅनर आहे, पण कुलूप आहे

ऑथोराइज्ड सर्व्हिस सेंटरमध्ये कंपनीचं स्वतःचं डायग्नोस्टिक टूल असतं. लॅपटॉप किंवा टॅब, त्याला जोडणारा डोंगल आणि कंपनीच्या सर्व्हरचं लॉगिन. कोड वाचता येतो, पुसता येतो, ईसीयू बदलला तर नवा प्रोग्राम करता येतो, सॉफ्टवेअर अपडेट टाकता येतो. काळेवाडी किंवा भोसरीतल्या छोट्या गॅरेजकडे हे लॉगिन नसतं. बाजारात मल्टि-ब्रँड स्कॅनर काही हजारांपासून मिळतात आणि कोड वाचणं-पुसणं ते बऱ्यापैकी करतात. पण प्रोग्रामिंगचं काम आलं की गाडी शोरूमलाच पाठवावी लागते. मोबाईलला ब्लूटूथने जोडायचे स्वस्त ओबीडी डोंगल मुळात कारसाठी बनलेले असतात. बाईकला वेगळा ॲडॅप्टर लागतो आणि तो लावूनही प्रत्येक मॉडेलशी ते बोलतीलच असं नाही. होंडाच्या अनेक इंजेक्शन गाड्यांमध्ये मात्र स्कॅनरशिवायही इंजिन लाईट किती वेळा लुकलुकतो ते मोजून बिघाड कळतो, हे माहीत असू द्या.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं यांच्यासोबत वाहनंही आहेत. कंपन्यांनी मॅन्युअल, पार्ट, वॉरंटी यांची माहिती तिथे द्यावी ही कल्पना. चांगली आहे, पण पोर्टलवर माहिती असणं आणि छोट्या गॅरेजला टूलचं लॉगिन मिळणं यात फार मोठं अंतर आहे. कंपनीने टूल द्यायलाच हवं असा कडक कायदा आपल्याकडे अजून नाही. आणि हा प्रश्न फक्त ग्राहकाचा नाही. तुम्ही स्वतंत्र गॅरेज टाकणार असाल तर पुढच्या दहा वर्षांत तुमच्या गल्ल्यात काय पडणार, हे बऱ्याच अंशी यावर ठरेल.

म्हणूनच माझा सल्ला असा, की सुरुवात रस्त्यावरच्या गॅरेजमधून न करता ऑथोराइज्ड सर्व्हिस सेंटरमधून करा. तिथे पगार फार नसतो, टार्गेटचा ताप असतो, फ्लोअर सुपरवायझर डोक्यावर असतो. पण कंपनीचं टूल, सर्व्हिस मॅन्युअल आणि ट्रेनिंग तिथेच मिळतं. गॅरेजमधला उस्ताद दुसरं काहीतरी शिकवतो, म्हणजे अडकलेला बोल्ट न तोडता काढणं, हेड उघडण्याआधीच आवाजावरून ओळखणं आणि गिऱ्हाईक सांभाळणं. तेही शिकायचंय, पण नंतर.

आता पैशाचं बोलू

शिकताना काय मिळतं ते आधी. सरकारी आयटीआयमध्ये 'मेकॅनिक मोटर व्हेईकल' हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, 'मेकॅनिक टू अँड थ्री व्हीलर' एक वर्षाचा, आणि आता 'मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल' हाही आला आहे. औंधला सरकारी आयटीआय आहे, मोरवाडीला पिंपरी-चिंचवड महापालिकेची आहे. कोणत्या आयटीआयमध्ये कोणता ट्रेड आहे ते ऑनलाईन प्रवेशाच्या यादीत बघूनच ऑप्शन भरा. आयटीआय झाल्यावर अप्रेंटिसशिप. २०१९ च्या नियमांनुसार आयटीआय पास अप्रेंटिसला महिना किमान ७,००० रुपये स्टायपेंड, दहावी पास असेल तर ६,०००. मे २०२५ मध्ये केंद्रीय अप्रेंटिसशिप कौन्सिलने या सगळ्या दरांत ३६ टक्के वाढीची शिफारस केली, म्हणजे ५,००० ते ९,००० चा पट्टा ६,८०० ते १२,३०० पर्यंत न्यायचा. सही करण्याआधी अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर त्या दिवशीचा दर बघा, आणि तुमचा करार त्या पोर्टलवर दिसतोय का तेही बघा. करार पोर्टलवर नाही, म्हणजे तुम्ही अप्रेंटिस नाही, स्वस्तातले हेल्पर आहात.

राज्य सरकारची २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही आहे, जिला सगळे 'लाडका भाऊ' म्हणतात. बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० रुपये महिना. ती ठरावीक महिन्यांपुरती असते, नोकरीची हमी नाही.

नंतरचे आकडे साधारण असे धरा. भागाप्रमाणे आणि मालकाप्रमाणे दोन-तीन हजार इकडेतिकडे होतील. छोट्या गॅरेजमध्ये नवखा हेल्पर आठ ते बारा हजार. सर्व्हिस सेंटरमध्ये नवा टेक्निशियन तेरा ते सोळा, तीन-चार वर्षं झालेला अठरा ते पंचवीस, वर इन्सेन्टिव्ह. प्रीमियम बाईकच्या वर्कशॉपमध्ये किंवा इलेक्ट्रिकल काम पक्कं येणाऱ्याला त्याहून जास्त.

पण जाहिरातीत लिहिलेला पगार आणि हातात येणारा पगार वेगळा. समजा १६,००० ठरले आणि त्यात बेसिक १३,००० आहे. पीएफचे १२ टक्के, म्हणजे १,५६०. ईएसआयचे ०.७५ टक्के, म्हणजे १२०. व्यवसाय कर २००. हातात १४,१२०. (मुलींना महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, त्यांच्या हातात २०० जास्त येतील.) मोशी किंवा चिखलीत कॉट बेसिसवर राहिलात, मेस लावली, पेट्रोल टाकलं, तर घरी पाठवायला किती उरतात ते तुम्हीच मांडा.

तरी पीएफ-ईएसआय कापणारी नोकरी घ्या. हे काम अंगावर येणारं आहे. वाकून वाकून कंबर जाते, गरम सायलेन्सरला हात लागतो, गाडी स्टँडवरून पायावर पडते. ईएसआय असेल तर उपचारही होतात आणि सुट्टीचे पैसेही मिळतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्ये नियुक्तिपत्र देण्यावर भर आहे, ते मागून घ्या. "आपलं घरचंच आहे, कागद कशाला" असं म्हणणाऱ्या मालकाकडे तर नक्की मागा.

स्वतःचं गॅरेज: दोन गाड्यांचा फरक

सगळ्यांचं स्वप्न हेच असतं. एक हिशोब करून बघू. आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही तुमच्या चौकातले टाका.

दिवसाला सहा गाड्या, सरासरी मजुरी ३०० रुपये, महिन्याचे २६ दिवस. झाले ४६,८००. ऑइल आणि पार्टवर गाडीमागे ६० रुपये सुटले तर ९,३६०. एकूण ५६,१६०. त्यातून गाळ्याचं भाडं १२,०००, हेल्पर ११,००० आणि लाईट, ग्रीस, फडकी, चहा असं सगळं मिळून ३,५००. म्हणजे खर्च २६,५००. उरले २९,६६०. वाईट नाही, सर्व्हिस सेंटरच्या सीनियर टेक्निशियनपेक्षा जास्तच.

आता सहाच्या जागी चारच गाड्या आल्या असं धरा. मजुरी ३१,२००, मार्जिन ६,२४०, एकूण ३७,४४०. खर्च तोच, कारण गाळेमालक गाड्या मोजून भाडं घेत नाही. उरले १०,९४०. म्हणजे मालकाच्या हातात हेल्परपेक्षा कमी! दिवसाला फक्त दोन गाड्या कमी झाल्या आणि उत्पन्न जवळपास एक तृतीयांशावर आलं. कर्जाचा हप्ता यात धरलेलाच नाही.

म्हणून गॅरेज टाकण्याआधी जागेपेक्षा गिऱ्हाईक मोजा. कुरुळी, नाणेकरवाडी, महाळुंगे पट्ट्यात शिफ्टला जाणारी हजारो माणसं रोज दुचाकीवर असतात. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा क्लच दाबून चालवल्याने क्लच प्लेट लवकर जातात, खड्ड्यांनी फोर्कचे ऑइल सील आणि व्हील बेअरिंग जातात. हे काम बारमाही आहे. पण त्यांना गाडी शिफ्ट सुटेपर्यंत तयार लागते आणि बऱ्याच जणांना पैसे पगार झाल्यावर द्यायचे असतात. उधारीची वही सांभाळता येत नसेल तर सहा गाड्या येऊनही गल्ला रिकामा राहतो.

भांडवलाचं म्हणाल तर मुद्रा कर्जात 'शिशु' गटात ५०,००० पर्यंत आणि 'किशोर' गटात ५ लाखांपर्यंत मिळतं. पीएम विश्वकर्मा योजनेत कारागिरांचे १८ व्यवसाय आहेत, लोहार आहे, कुलूपवाला आहे, पण बाईक मेकॅनिक त्यात नाही. एजंट "विश्वकर्मातून टूलकिट मिळवून देतो" म्हणाला तर पैसे देऊ नका.

छोट्या गॅरेजच्या बाजूने एक गोष्ट आहे. सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. सर्व्हिस सेंटरच्या मजुरीवर १८ टक्के जीएसटी लागतो, तुमच्या मजुरीवर नाही. गिऱ्हाइकाला हा फरक बिलात दिसतो. उलट बाजूला पाच वर्षांपर्यंत वॉरंटी देणाऱ्या कंपन्या वाढल्यात, म्हणजे नवी गाडी तुमच्याकडे यायला आता जास्त वर्षं लागतील.

इलेक्ट्रिक आलं की हे सगळं बंद?

नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. २०२४-२५ मध्ये देशात सुमारे १.९६ कोटी दुचाकी विकल्या गेल्या, त्यात इलेक्ट्रिक साडेअकरा लाखांच्या आसपास. म्हणजे साधारण सहा टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे पेट्रोल गाडी आणखी परवडू लागली. आज घेतलेल्या गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं. तुम्ही आज वीस वर्षांचे असाल तर पस्तिशीपर्यंत पेट्रोल गाड्या तुमच्या दारात येत राहणार. त्यात ई-२० पेट्रोलची भर. जुन्या गाड्यांत काही रबरी पार्ट आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात हे ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानेच मान्य केलं. कार्बोरेटरवाल्या जुन्या गाड्या असलेल्या भागात हे काम दिसायला लागेल.

मात्र ई-स्कूटरमध्ये ऑइल नाही, प्लग नाही, क्लच नाही, एअर फिल्टर नाही. गॅरेजची रोजची भाजी-भाकरी ज्यावर चालते ते ऑइल चेंजच नाही. उरतं ते ब्रेक, टायर, बेअरिंग, सस्पेन्शन आणि वायरिंग, कंट्रोलर, बॅटरी. पहिल्या भागात मजुरी कमी, दुसऱ्या भागात जास्त, पण तिथे परत सॉफ्टवेअरचं कुलूप.

आणि माणसं कमी आहेत हे उघड आहे. सप्टेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ या वर्षभरात ओला इलेक्ट्रिकबद्दल राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर १०,६४४ तक्रारी आल्या, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोटीस काढली. कलबुर्गीत तर वैतागलेल्या ग्राहकाने शोरूमच पेटवलं. त्याच काळात कंपनीने बाहेरच्या एक लाख मेकॅनिकना ट्रेनिंग देऊ असं जाहीर केलं. गाड्या विकण्याचा वेग आणि त्या दुरुस्त करणारे हात तयार होण्याचा वेग यांचा मेळ बसलेला नाही, हीच तुमची संधी. आकुर्डीत जिथे जुन्या बजाज स्कूटर बनायच्या, तिथे आता इलेक्ट्रिक चेतक बनते. २०२५ मध्ये चीनने मॅग्नेट अडवले तेव्हा चेतकच्या उत्पादनाला फटका बसला. म्हणजे कंपनीतली नोकरी बीजिंगच्या निर्णयावरही हलते. विकून झालेल्या गाडीचा ब्रेक मात्र तरीही घासतोच.

एक धोक्याची सूचना. ई-स्कूटरची बॅटरी ५० व्होल्टच्या आसपास असते म्हणून "शॉक बसत नाही" असं सांगणारे भेटतील. खरा धोका करंटचा आहे. पाना दोन टोकांवर पडला तर ठिणगी नाही, वेल्डिंगच होतं. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला रस्त्यावर पेटलेल्या स्कूटरचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. अंगठी, कडं काढून, इन्सुलेटेड टूल घेऊन काम करा आणि ट्रेनिंग नसेल तर बॅटरीचा डबा उघडूच नका.

"४५ दिवसांत ईव्ही एक्स्पर्ट, १०० टक्के प्लेसमेंट" अशी रील दिसली की फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. सर्टिफिकेट एनसीव्हीटी किंवा ऑटोमोटिव्ह स्किल्स कौन्सिलचं आहे का? प्रत्यक्ष किती गाड्यांवर हात चालवायला मिळेल? मागच्या बॅचमधल्या पाच मुलांचे नंबर मिळतील का? तिसऱ्या प्रश्नावर बरेच जण फोन ठेवतात.